गोरक्षनाथ हिशेबनिसाची पाचवी सही

"आन मी म्हन्ते, हात झिजला असता का तुमचा? एक चिठ्ठी! तीन वळी!"

"लंके, हळू बोल. भिंतीपलीकडं माणसं राहतात."

"राहू द्या की! त्यास्नीबी कळू द्या, हिशेबनीससायबाच्या बापाची जोडी घोडेगावच्या बाजारात चारशेला गेली ते. चारशेला! त्याच दिवशी एक लंगडी म्हैस पाचशेला गेली तिथं."

"मी चिठ्ठी दिली असती, तर उद्या ऑडिटरनं विचारलं असतं की तुमच्या घरची जनावरं चारा छावणीत कशी?"

"जशी दुसऱ्याची हायती तशी! पायानं चालत आली, म्हनायचं!"

"तुला नाही कळायचं ते."

"न्हाईच कळायचं. मामंजी आठ कोस जोडी हाकीत घेऊन आले. गेटावरच्या त्या पुंजारामानं शिंगं बघितली, रंग बघितला, वहीत नाव लिवलं आन म्हनला, छावनी भरली, जागा झाली की कळवू. मामंजी म्हनले, माझा ल्योक हितं मोठा सायब हाय. त्यो हसला. आन तुमी त्या वक्ताला कुठं हुता? पन्नास हातावर! पंख्याखाली!"

"तिमाहीचं काम होतं."

"कवा नसतं?"

गोरक्षनाथ निमसे खुंटीवरची टोपी शोधू लागला. कारण कवा नसतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

लंकाबाई आठ दिवस पाथर्डीकडच्या सासरी राहून त्याच सकाळच्या पहिल्या एस.टी.नं परतली होती. पिशवी अजून दारातच होती. दुष्काळाचं साल, फाल्गुन सरत आलेला, गावात दोन दिवसांआड टँकर. त्यातून आलेली बाई कारखान्याच्या क्वार्टरमधल्या नळाखाली पाय धुता धुता नवऱ्याला धूत होती.

"दुपारच्या गाडीनं मामंजी येत्यात," ती पाय पुसत म्हणाली. "घरी मोकळी दावण बघवंना त्यास्नी. आल्यावर त्यास्नी सांगा तुमचा ऑडिटर."

गोरक्षनाथानं टोपी घातली.

"आन आयका," ती मागून बोलली. "येक तर बसा त्यांच्या पंगतीला आन खा पोटभर. न्हाईतर उठा ताटावरनं आन राजीनामा द्या. हे तुमचं मधीच हात वर करून बसनं, ना धड जेवन ना धड उपास, मला आता बघवत न्हाई."

"राजीनामा द्यायचाच आहे मला."

"व्हय, ठावं हाय. डब्याखाली चार हायती तुमचे राजीनामे. कागद चांगला गुळगुळीत असतो, फळीला लई शोभतो."

*

हे खरं होतं. गोरक्षनाथ गेली चार वर्षं जूनअखेरीला, ताळेबंद लागला की, एक राजीनामा लिहीत असे. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. 'कौटुंबिक अडचणींमुळे' अशी सुरुवात. मग तो दोन दिवस खिशात फिरे, तिसऱ्या दिवशी ट्रंकेत पडे, आणि तिथून लंकाबाईच्या हाताला लागून तिखटमिठाच्या डब्यांखाली जाई.

द्यायचा का नाही? तर कारणं होती. हा भिमाजी निमश्याचा थोरला, गावातला पहिला बी.कॉम. त्यावर सहकाराची जी.डी.सी. परीक्षा दिलेला. साताठ गावांत एवढा शिकलेला हिशेबनीस नव्हता, असं त्याला स्वतःला तरी वाटे. दुसरं कारण, क्वार्टर. आणि या साली सगळ्यात मोठं कारण म्हणजे नळ. दिवसातून दोनदा धो धो पाणी. अख्खा जिल्हा घागरी घेऊन उन्हात उभा, आणि हा नळासाठी तत्त्वाला थोडं थांब म्हणत होता.

तत्त्वं मात्र त्याच्यापाशी पुष्कळ. कारखान्याची शिसपेन्सील वेगळी, घरची वेगळी. कचेरीतला चहा तो पीत नसे. पिणाऱ्यांकडं बघत बसे. दिवाळीला संचालकांकडून पेढ्यांचा पुडा आला की परत पाठवी, पण आधी उघडून, पेढे मोजून, किती परत पाठवले याची स्वतःच्या वहीत नोंद करून. शेजारपाजारचे हसत. गोरक्षनाथाला वाटे, दबून आहेत.

आणि या सगळ्या सचोटीचं भाडं भरलं कुणी? घरच्यांनी. थोरलीच्या बारशाला बाप नव्हता, कारण साखरेच्या पोत्यांची शिल्लक जुळत नव्हती. धाकटा झाला तेव्हा तीन दिवसांनी पोचला. आईच्या दहाव्याला तर हद्द झाली. ऑडिटर आला म्हणून हा अडकला. तिकडं नदीकाठी पिंड ठेवलेला, कावळे झाडावर बसून आहेत, एक खाली येईना. चुलते म्हणाले, गोरख आल्याबिगर शिवायचा न्हाई. बारा वाजले, एक वाजला, दीड वाजला. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. गोरक्षनाथ पाचाच्या गाडीनं उतरला तो खतावणी काखेत मारूनच. म्हातारा भिमाजी खतावणीकडं बघत राहिला. फक्त म्हणाला, "जुळलं का रं तुजं?"

जुळलं होतं. त्याचं नेहमी जुळायचं.

*

कचेरीत पुंजाराम वाट बघत बसला होता. हा छावणीचा व्यवस्थापक. अंगात नवा टेरिलीनचा सदरा, आतली बनियन दिसावी असा. छावणी सरकारी अनुदानावर कारखाना चालवत होता, जनावरामागं रोजचा ठरलेला आकडा. दर पंधरवड्याला पुंजाराम रजिस्टर आणायचा, वर पिनेनं दाखला टाचलेला: 'वरील जनावरे छावणीत समक्ष आढळली.' त्याखाली हिशेबनिसाची सही. माघापासून अशा चार सह्या झालेल्या.

"करा साहेब, पाचवी," पुंजाराम म्हणाला. "मामलेदार कचेरीत आजच पोचवायचंय."

या सह्यांबद्दल गोरक्षनाथाचं एक शास्त्र होतं. आपण कागदाला कागद ताडतो. रजिस्टरातली जनावरं, चाऱ्याच्या पावत्या, पेंडीच्या पावत्या, बेरीज. हे जुळलं की सही. जनावर मोजणं हे हिशेबनिसाचं काम नव्हे. हिशेबनिसानं शेणात कशाला पाय घालायचा? म्हणून तो फक्त प्रत्येक पानाच्या तळाशी बघे. पानाच्या मधे काय आहे ते त्यानं चार पंधरवडे वाचलंच नव्हतं.

आज सकाळच्या भांडणानं डोकं तापलेलं. बेरीज धरायची सोडून नजर भलतीकडं जात होती. एकोणिसाव्या पानावर ती अडली.

अनुक्रमांक सहाशे अकरा. भिमाजी रखमाजी निमसे. बैल दोन. एक पांढरा, डावं शिंग मोडकं. एक कोसा, कपाळावर चांद. दाखल, माघ शुद्ध पंचमी. हजर.

त्यानं पुन्हा वाचलं. डावं शिंग मोडकं होतं खरं. गोरक्षनाथ मॅट्रिकला असताना विहिरीच्या धावेवर मोडलं होतं ते... नाही, तो आधीचा बैल. त्या बैलाचंही डावंच. त्याला धड आठवेना, आणि आठवत नाही याचीच आधी लाज वाटली.

"पुंजाराम, ही जोडी छावणीत आहे?"

"कागदावर काय म्हनतंय?"

"हजर म्हणतंय."

"मग हजर."

"ही माझ्या वडिलांची जोडी आहे. तुम्ही गेटवरनं परत पाठवलीत. ती घोडेगावला विकली गेलीय."

पुंजारामानं मान पुढं काढून पान बघितलं आणि जीभ चावली. अगदी एखाद्यानं लग्नपत्रिकेत नाव चुकवावं तेवढीच.

"आता बगा, ह्यो घोळ झाला. साहेब, खोटी नावं कुठनं आनायची? उद्या कुनी इचारलं, हा मानूस हाय का, बैल हायती का, तर खरं निघाय पायजे. मंग आमी काय केलं, गेटावरची वही घेतली. परत लावलेल्यांची. नाव खरं, गाव खरं, शिंगं खरी, रंग खरा. आख्खी वहीच्या वही उतरवली की वो. तुमचं आडनाव बगायचं ऱ्हायलं."

म्हणजे जागा नाही म्हणून जे हाकलले, ते सगळे आत होते. चारा खात होते, पेंड खात होते, दर पंधरवड्याला समक्ष आढळत होते. आणि आढळल्याची सही गोरक्षनाथाची. चार वेळा त्यानं बापाच्या बैलांना हजर म्हटलं होतं. त्यातल्या दोन वेळा बैल अजून बापाच्या दावणीला होते, उपाशी.

तो उठला. पेन्सील घेतली, गडबडीत कारखान्याची घेतली.

"कुठं निघाला?"

"मोजायला."

"आता?" पुंजारामाला खरोखर हसू आलं. "अवो, ऊन लई हाय."

*

छावणी मळीच्या खड्ड्यापलीकडं. दोन महिने चाललेली, कचेरीपासून हाकेवर, आणि गोरक्षनाथ तिथं पहिल्यांदा जात होता. नाकाला रुमाल लावून. एका हातात कागद, पाच पाचच्या रेघा ओढत, सगळ्या दावणी फिरला. मागं पुंजाराम छत्री घेऊन, "ही धरली का? ही गाभण हाय, दोन धरा," अशी चेष्टा करत.

एका म्हशीपाशी रंगुबाई नावाची म्हातारी बसली होती. म्हशीच्या अंगावरच्या माशा हाकलत होती, पण हात एवढा सावकाश चालायचा की माशा उठायच्याही नाहीत.

"काय मोजता, बाबा?"

"जनावरं."

"आजवर कोनी मोजली न्हाईत ती? रोज सा किलो चारा म्हनत्यात, मिळतो तीन. तिथं वर कोन तरी मोठा मानूस सही करतो म्हनं, सा किलो पोचला म्हनून. त्येला येकदा हितं आना. म्हसीच्या तोंडापुढं उभा करते त्येला."

पुंजाराम छत्रीआड गेला. गोरक्षनाथ म्हणाला, "बरं," आणि पुढच्या दावणीला लागला.

चारशे अठरा भरली. विश्वास बसेना म्हणून त्यानं पहिल्यापासून पुन्हा मोजली. आता चारशे सतरा. रेघा तपासल्या, चूक सापडेना. मग परत येताना दिसलं, रंगुबाईच्या पलीकडची गाय दोन मोजण्यांच्या मधे मेली होती. त्यानं अठरावर काट मारून सतरा केलं.

*

चेअरमन काकासाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात सुपारी कातरत बसले होते. पुंजाराम रजिस्टर घेऊन सायकलनं आधीच पोचून खांबाशी उभा.

"या, निमसे. बसा. उन्हाचं का हिंडता वो? पुंजा म्हनतो, साहेब आज जनावरांत गेल्ते."

"चारशे सतरा आहेत, काकासाहेब."

"बरं."

"कागदावर अकराशे सहा."

"मंग? बेरीज चुकली का कुठं?"

"बेरीज बरोबर आहे."

"तेच म्हनलं. आमच्या पुंजाची बेरीज चुकायची न्हाई."

"त्यात माझ्या वडिलांची जोडी आहे!"

काकासाहेबांचा अडकित्ता थांबला. त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते पुंजारामाकडं वळले. "आरं गाढवा! घरच्या मानसाची जोडी? नाव तर वाचायचं! म्हाताऱ्याला गेटावरनं लावून दिलं? निमश्यांच्या वडलांना? अन तुमी, निमसे, तुमीबी काय मानूस! एक सबूद बोलायचा हुता. मी सोता दावं धरून जोडी आत बांधली असती."

"मी ओळख लावत नाही, काकासाहेब."

"तेच तर. सगळ्या तालुक्याला ठावं हाय ते. म्हनून तर सही तुमची घेतो आमी." त्यांनी सुपारीचं खांड पुढं केलं. गोरक्षनाथानं घेतलं नाही. "तुमच्या सहीला मामलेदार पान उलटून बघत न्हाई. म्हनतो, निमश्याची हाय ना, मंग बास. आमी तुमाला कदी म्हनलं का, या, मोजा? न्हाई म्हनलं. तुमच्या जिवाला उगी तरास नको."

"मी ही सही करणार नाही. मी राजीनामा देतो."

हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. खांबाजवळचा पुंजाराम सरळ उभा राहिला. काकासाहेबांनी मात्र नवीन सुपारी उचलली.

"द्या की. कोन धरून ठेवतंय? पोराबाळांकडं बघायला सवड होईल. पन मागल्या चार सह्या?"

"त्या..."

"त्या तर हितंच ऱ्हानार. मानूस जातो, निमसे, सही जात न्हाई. उद्या नवा हिशेबनीस आला अन त्यानं जनावरं मोजली, तर त्यो काय म्हनंल? पुंजा चोर? पुंजाची सहीच न्हाई कुठं."

काकासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग काकासाहेब एकदम मायेनं बोलले. "ऐका माझं. आजच घोडेगावला मानूस पाठवतो. जोडी घेनारा दलाल आपल्या वळखीचा हाय. उद्या सांजच्याला वडलांची जोडी छावनीत. खरीखुरी. मंग सहाशे अकराला काय खोटं ऱ्हायलं? सांगा. ही पाचवी करा, अन मंग खुशाल द्या राजीनामा. जूनमधी. ताळेबंद लावून."

आता इथं कुणाला वाटेल, गोरक्षनाथ उठला असेल, रजिस्टर आपटलं असेल. गोरक्षनाथानं विचार केला. विचार केला की तो नेहमी हरायचा. सहाशे अकरा तर खरं होणार होतं. बापाची जोडी परत येणार होती. नोकरीच्या आठ वर्षांत घरासाठी केलेलं एक काम पदरात पडणार होतं. बायकोचं तोंड बंद होणार होतं. नळ राहणार होता. आणि राजीनामाही होता, जूनमध्ये. बाकीच्या सहाशे सत्त्याऐंशी जनावरांचं काय, हे त्याच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि वजाबाकी बरोबर आहे ना, एवढं बघून गेलं.

त्यानं खिशातून स्वतःचं, घरचं पेन काढलं. सही करण्याआधी बेरीज पुन्हा एकदा तपासली. बरोबर होती.

*

भिमाजी क्वार्टरच्या ओट्यावर बसला होता, पटका गुडघ्यावर ठेवून. समोर ताट होतं, हात लावलेला नव्हता. लंकाबाई उंबऱ्यात.

गोरक्षनाथ आज लवकर आला होता. सुटीचा भोंगा व्हायच्या आत. पायऱ्या चढतानाच म्हणाला, "आबा, जोडी परत येतेय. उद्या."

म्हाताऱ्यानं वर बघितलं. क्षणभर त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं. "कोनी सोडीवली?"

"काकासाहेबांनी. दलालाकडं माणूस गेलाय. छावणीत बांधायची, चारापाणी सगळं."

"त्यांला का माझा पुळका?"

गोरक्षनाथानं टोपी काढली, पुन्हा घातली. लंकाबाई उंबऱ्यातून एक पाऊल पुढं आली.

"सही केली तुमी," ती म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं.

"शेवटची. जूनमध्ये राजीनामा देतोय. काकासाहेबांना तसं तोंडावर सांगितलंय मी."

"कशाची सही?" भिमाजीनं विचारलं.

"छावणीतल्या जनावरांची, आबा. कागद असतो एक."

"किती हायती जनावरं?"

गोरक्षनाथ हिशेबनीस होता. आकडा विचारला की त्याला खोटं बोलता येत नसे. ती वेळ लिहिताना यायची. "चारशे सतरा."

"आन कागदावर?"

"अकराशे सहा."

"मंजी ज्यांला परत लावलं..."

"ते सगळे."

"माझी जोडीबी?"

"माघापासून."

भिमाजीनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. काही तरी मोजत होता. "माघात मी त्यांला छपराचं पाचट काढून घालीत हुतो," तो म्हणाला. "मंग त्येबी सरलं. मंग बाभळीच्या शेंगा. पांढऱ्याचं तोंड फुटलं काट्यानं. आन हितं त्ये पेंड खात हुते म्हन."

"कागदावर, आबा."

"तुला ठावं हुतं?"

"आजच कळलं. मी पानाच्या तळाशी तेवढं बघतो, बेरीज."

लंकाबाई हसली. आवाज न करता, नाकातून. तिनं ताटावरच्या माशा हाकलल्या आणि ताट उचलून आत नेलं.

गोरक्षनाथानं टोपी ओट्यावर ठेवली. तो बापाच्या समोर उकिडवा बसला. आवाजात उत्साह आणला. "ते झालं ते झालं. पण जोडी तर येतेय ना? आता एकच काम आहे. दलाल भलतीच जोडी गळ्यात मारायचा. ओळखायला तुम्हीच पाहिजे, मला काही तेवढी... मी येतो तुमच्याबरोबर. रजा टाकतो. पहिल्यांदाच टाकतोय, आबा. सकाळच्या सातच्या गाडीनं जाऊ घोडेगावला. याल ना?"

भिमाजीनं पटका उचलला. चार वेढे सावकाश डोक्याला घेतले, शेव खोचला. भिंतीला टेकवलेली काठी घेतली. ओट्याखाली पायानं चाचपून जोडे घातले.

"आबा, मी काय विचारतोय? सातच्या गाडीनं येताय ना?"

म्हातारा पायऱ्या उतरला आणि उन्हात, पाथर्डीकडं परत जाणाऱ्या एस.टी.च्या थांब्याच्या दिशेनं चालू लागला.